टीव्ही दाखवणारं ग्राफिक्स कार्ड : एका बारा वर्षांच्या प्रयोगाचं मूल्यमापन

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ज्यांनी स्वतः सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेतला, त्यांच्यातल्या अनेकांसमोर एक प्रश्न हमखास यायचा. संगणकावर टीव्ही पाहायचा तर ग्राफिक्स कार्ड आणि टीव्ही ट्यूनर कार्ड वेगवेगळी घ्यावीत, की दोन्ही कामं करणारं एकच कार्ड घ्यावं? कॅनडातल्या एटीआय या कंपनीनं १९९६ मध्ये ‘ऑल-इन-वंडर’ नावाचं कार्ड बाजारात आणलं आणि २००८ पर्यंत त्याच्या पिढ्यांमागून पिढ्या काढल्या. थ्रीडीएफएक्स, मॅट्रॉक्स, एनव्हिडिया यांनीही तोच मार्ग धरून पाहिला. आज असं एकही कार्ड नवं विकत मिळत नाही.

त्या काळच्या संगणक-मासिकांत या कार्डांची परीक्षणं भरपूर यायची. कोणत्या खेळात सेकंदाला किती चित्रं पडतात, टीव्हीचं चित्र कितपत स्वच्छ दिसतं, सोबत कोणती सॉफ्टवेअर मिळतात, याचे तक्ते असायचे. पण ती परीक्षणं कार्ड हातात आल्याच्या आठवड्यातली. तीन वर्षांनी, दहा वर्षांनी त्या कार्डाचं काय झालं हे त्यात असणं शक्यच नव्हतं. आता ते कळलेलं आहे. म्हणून हा विषय पुन्हा उघडावासा वाटतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ही कल्पना तांत्रिकदृष्ट्या पक्की होती आणि पहिल्या काही वर्षांत तिचा फायदाही खरा होता. तिचं नुकसान झालं ते एका गोष्टीमुळे: अगदी वेगवेगळ्या वेगानं जुनी होणारी दोन यंत्रं तिनं एका बोर्डावर कायमची जोडली.

आधी कल्पना समजून घेऊ. केबलची वायर कार्डाच्या ज्या टोकाला लागते तिथं एक धातूची डबी असते. हा ट्यूनर. वायरीतून एकाच वेळी येणाऱ्या अनेक वाहिन्यांमधून हवी ती वेगळी काढायची आणि तिला एका ठरावीक मधल्या फ्रीक्वेन्सीवर उतरवायचं, हे त्याचं काम. डबी धातूची, कारण संगणकाच्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसर, मेमरी, पॉवर सप्लाय हे सगळेच विद्युत गोंगाट करत असतात आणि टीव्हीचा सिग्नल अतिशय नाजूक असतो. त्यानंतर येतो व्हिडिओ डीकोडर. तो अ‍ॅनालॉग चित्राचं मोजमाप करून त्याचे आकडे बनवतो, उजेड आणि रंग एकमेकांपासून सोडवतो. एटीआयनं रेज १२८ च्या पिढीपासून या कामासाठी ‘रेज थिएटर’ ही स्वतःची चिप वापरली. बाजारातल्या बहुतेक सुट्या ट्यूनर कार्डांवर ब्रुकट्रीची बीटी८४८ किंवा तिची पुढची आवृत्ती बीटी८७८ असायची.

आता आकडे पाहा. आपल्याकडे तेव्हा असलेल्या पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा असतात, त्यातल्या ५७६ प्रत्यक्ष दिसतात, आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रं येतात. आडव्या रेषेत ७२० बिंदू आणि प्रत्येक बिंदूला दोन बाइट धरले, तर सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट माहिती सलग वाहत राहते. सुटं ट्यूनर कार्ड ही माहिती पीसीआय बसवरून ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत पाठवायचं. त्या बसची कागदावरची क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट, पण ती हार्ड डिस्क, साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड अशा सगळ्यांनी वाटून घेतलेली. डिस्कवर काही लिहायला सुरुवात झाली की चित्र अडखळायचं आणि एखाद्या मदरबोर्डावर तर सगळा संगणकच गोठायचा. ट्यूनर ग्राफिक्स कार्डावरच बसवला की हा प्रवास वाचतो. डीकोडरमधून निघालेलं चित्र थेट कार्डाच्या मेमरीत उतरतं, तिथंच लहान-मोठं केलं जातं आणि पडद्यावर जातं. प्रोसेसरला त्याची खबरही लागत नाही. १९९६ ते १९९९ या काळात हा फरक डोळ्यांना दिसत होता. एका कोपऱ्यात बातम्या चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत टाइप करत राहणं या कार्डांवर सहज जमायचं.

दुसरा फायदा उलट्या दिशेचा. टीव्ही संगणकावर दिसावा तसंच संगणकावरचं चित्र टीव्हीवर दिसावं, ही सोयही यात असायची. व्हीसीडी आणि पुढे डीव्हीडी संगणकात घालून दिवाणखान्यातल्या टीव्हीवर सिनेमा पाहणं, हा अनेक घरांतला रविवारचा कार्यक्रम होता. डीव्हीडीचं चित्र उलगडण्याच्या कामाचा मोठा वाटा एटीआयच्या चिपाच उचलायच्या. त्यामुळे साधारण प्रोसेसरवरही सिनेमा न अडखळता चालायचा. त्या बाबतीत एटीआयचा लौकिक रास्त होता.

आता या घराण्याची वंशावळ पाहू. एटीआयची स्थापना १९८५ ची, ओंटारियो प्रांतातल्या मार्कममधली. पहिलं ऑल-इन-वंडर थ्रीडी रेज टू या चिपवर होतं. मग रेज प्रो, रेज १२८, २००० मध्ये रेडिऑन, २००१ च्या अखेरीस रेडिऑन ८५०० डीव्ही, त्यानंतर ९७०० प्रो, ९८०० प्रो, ९६००, एक्स८००, एक्स१८००, एक्स१९०० अशी रांग लागली. ट्यूनरसोबत जोडण्यांसाठी वायरींचा एक गुच्छ आणि जांभळ्या रंगाची छोटी पेटी मिळायची. तिच्यात व्हीसीआरच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना आणि एस-व्हिडिओची वायर खोचायची. पुढच्या पिढ्यांसोबत रेडिओ लहरींवर चालणारा रिमोट आला. तो भिंतीपलीकडूनही चालायचा आणि झोपायच्या खोलीतून बाहेरच्या संगणकावरचं गाणं बदलता यायचं. छोटी वाटली तरी वापरणाऱ्याचा विचार केलेली ही गोष्ट होती.

थ्रीडीएफएक्सनं १९९९ मध्ये व्हूडू३ ३५०० टीव्ही आणलं. व्हूडू३ मालिकेतलं ते सर्वांत वेगवान कार्ड, त्यावर ट्यूनर आणि जोडण्यांसाठी टेबलावर ठेवायची जाडजूड पेटी. पण डिसेंबर २००० मध्ये कंपनीची मालमत्ता एनव्हिडियाकडे जायचं ठरलं आणि कार्डाच्या ड्रायव्हरची वाट बघणारे वाट बघतच राहिले. विंडोजची नवी आवृत्ती आली की टीव्हीचा भाग निकामी होण्याची भीती. ती इथं सर्वांत आधी खरी ठरली. मॅट्रॉक्सचं मार्व्हल जी२०० टीव्ही आणि त्यामागून आलेलं जी४०० टीव्ही यांची मांडणी निराळी होती. त्यांच्यात ध्वनिचित्रण दाबून साठवण्यासाठी वेगळी हार्डवेअर सोय होती आणि प्रत्येक चित्र स्वतंत्र साठवलं जात असल्यामुळे संपादन करताना कुठंही कात्री लावता यायची. लग्नाच्या शूटिंगचं संपादन घरच्या घरी शिकू पाहणाऱ्याला हे कार्ड मनापासून आवडावं असं होतं. खेळांच्या शर्यतीत मात्र मॅट्रॉक्स लवकरच मागे पडलं. एनव्हिडियानं २००१ पासून ‘पर्सनल सिनेमा’ या नावानं प्रयत्न केला; त्याचा जीव लहान राहिला. टिकाव धरून उभी राहिली ती एटीआयचीच मालिका, म्हणून पुढचं मूल्यमापन मुख्यतः तिचं.

चित्र कसं दिसायचं? इथं त्या काळच्या बऱ्याच ग्राहकांची निराशा झाली आणि तिचं कारण कार्डात नव्हतं. अ‍ॅनालॉग टीव्हीचं चित्र एका दमात येत नाही. आधी विषम क्रमांकाच्या रेषा, मग सम क्रमांकाच्या, अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रं येतात. जुन्या टीव्हीच्या काचेवर ती एकमेकांत विरघळतात. संगणकाचा मॉनिटर पूर्ण चित्र एका वेळी दाखवतो. दोन अर्धी चित्रं तशीच जोडली तर धावणाऱ्या गोलंदाजाच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा उमटतात. एकच अर्धं चित्र ताणून मोठं केलं तर रेघा जातात पण अक्षरं थरथरतात. चांगलं कार्ड यातला मार्ग हलत्या आणि स्थिर भागांसाठी वेगवेगळा निवडतं. एटीआयच्या नंतरच्या पिढ्यांत हे काम ग्राफिक्स चिपकडून करून घेतलं जायचं आणि ते सुट्या स्वस्त कार्डांपेक्षा सरस असायचं, हे नि:संशय. शिवाय मॉनिटरसमोर माणूस दीड-दोन फुटांवर बसतो. टीव्हीपासून दहा फुटांवर बसल्यावर जो दोष नजरेतून सुटतो तो इथं डोळ्यांत भरतो. केबलवाल्यानं खांबावरून ओढलेली वायर, मध्ये तीन जोड, घरात स्प्लिटर, आणि मग संगणक. इतक्या वाटेनं आलेल्या सिग्नलमध्ये मुंग्या असणारच. कार्डाची पारख करताना आधी तीच वायर टीव्हीला लावून पाहावी, मग कार्डाला दोष द्यावा, हा नियम तेव्हाच्या परीक्षणांत फार कमी वेळा पाळलेला दिसतो.

ध्वनिमुद्रण आणि चित्रमुद्रण हा या कार्डांचा सर्वांत आकर्षक भाग. चालू कार्यक्रम थांबवायचा, दाराची बेल वाजली तर उठून यायचं आणि जिथं सोडला तिथून पुढं पाहायचा. अमेरिकेत टिवो आणि रिप्लेटीव्ही ही यंत्रं १९९९ मध्ये आली, त्यांनी ही सवय लावली. ऑल-इन-वंडरनं ती संगणकावर आणली. पण इथं हिशेब पुन्हा आकड्यांचा. न दाबलेलं चित्र तासाला सुमारे ७५ गीगाबाइट जागा खातं. त्यामुळे ते एमपीईजी-२ मध्ये दाबूनच साठवायचं. सेकंदाला चार मेगाबिट धरले तर तासाला सुमारे १.८ गीगाबाइट. आणि हे दाबण्याचं काम ऑल-इन-वंडर मालिकेत जवळपास शेवटपर्यंत मुख्यतः संगणकाच्या प्रोसेसरवरच होतं. पेंटियम थ्रीच्या जमान्यात पूर्ण आकाराचं मुद्रण चालू असताना दुसरं काही करायला घेतलं की चित्रं गळायची. त्यात जुन्या फॅट३२ पद्धतीच्या डिस्कवर ४ गीगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून सामना ऐन रंगात असताना मुद्रण दुसऱ्या फाइलमध्ये उडी मारायचं, नाहीतर थांबायचंच.

याच सुमाराला न्यूयॉर्क राज्यातल्या हॉपॉग कंपनीची विनटीव्ही-पीव्हीआर २५० सारखी सुटी कार्डं आली. त्यांच्यावर दाबण्याचं काम करणारी स्वतंत्र चिप होती. प्रोसेसर मोकळा. मायक्रोसॉफ्टनं २००२ मध्ये विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली तेव्हा अशाच हार्डवेअर चिपची अट घातली. यातली खरी बोच पुढे आहे. एटीआयनं स्वतः २००४ मध्ये थिएटर ५५० प्रो ही उत्कृष्ट चिप तयार केली. तिच्यात १२ बिटांचं मोजमाप, रंग आणि उजेड नीट सोडवणारा त्रिमित कॉम्ब फिल्टर आणि एमपीईजी-२ दाबण्याची सोय हे सगळं होतं. पण ती गेली सुट्या टीव्ही वंडर एलीट कार्डावर. २००६ मधलं एक्स१९०० वरचं महागडं ऑल-इन-वंडर मात्र जुन्या थिएटर २०० चिपवरच राहिलं. म्हणजे त्याच कंपनीचं स्वस्त सुटं कार्ड टीव्हीच्या कामात तिच्याच सर्वांत महाग एकत्रित कार्डापेक्षा चांगलं होतं. एकत्रीकरणाच्या बाजूनं कितीही बोललं तरी या एका गोष्टीला उत्तर सापडत नाही.

किमतीकडे येऊ. रेडिऑन ९७०० प्रो अमेरिकेत ३९९ डॉलरला आलं. त्याचं ऑल-इन-वंडर भावंड ४४९ डॉलरला. ट्यूनर, रिमोट, वायरी आणि सॉफ्टवेअर मिळून ५० डॉलर जास्त. साधारण तेवढ्यातच एखादं साधं सुटं ट्यूनर कार्ड मिळायचं. म्हणजे पैशांत बरोबरी, आणि वर एक स्लॉट वाचला. ९७०० प्रो आणि ९८०० प्रो ही या मालिकेतली सर्वांत प्रामाणिक कार्डं म्हणावी लागतील, कारण त्यांच्यात खेळांचा वेग कापलेला नव्हता. बाकी काही पिढ्यांत तो कापलेला असायचा. ८५०० डीव्ही २३० मेगाहर्ट्झवर चालायचं, साधं ८५०० मात्र २७५ वर. एक्स१९०० चं टीव्हीवालं रूप ५०० मेगाहर्ट्झवर, तर मालिकेतलं अव्वल कार्ड ६५० वर. कारण उघड आहे: एवढ्याशा बोर्डावर गरम होणारी चिप आणि गोंगाटाला घाबरणारा ट्यूनर शेजारी शेजारी बसवायचे तर कुणाला तरी मुरड घालावीच लागते. खोक्यावर मात्र तोच मोठा क्रमांक छापलेला असायचा. ग्राहकानं चिपचं नाव न पाहता तिचा वेग विचारावा, हा धडा आज लॅपटॉप घेतानाही तितकाच लागू पडतो.

पण पैशांचा खरा हिशेब खरेदीच्या दिवशी होत नाही. त्या दशकात ग्राफिक्स चिप दीड-दोन वर्षांत जुनी व्हायची. ट्यूनरचं तसं नव्हतं. पाल आणि एनटीएससी या पद्धती दशकानुदशकं तशाच होत्या, म्हणून १९९७ चा ट्यूनर २००५ मध्येही तितकंच चांगलं काम करत होता. नवा खेळ चालत नाही म्हणून ग्राफिक्स कार्ड बदलायचं तर धडधाकट ट्यूनर त्याच्याबरोबर काढून टाकावा लागायचा. सुटं ट्यूनर कार्ड घेतलेला माणूस तेच कार्ड तीन संगणकांतून फिरवायचा. त्यात २००४ मध्ये पीसीआय एक्सप्रेस आलं आणि ग्राफिक्स कार्डांचा एजीपी स्लॉट नव्या मदरबोर्डांवरून झपाट्यानं गेला. ज्याच्याकडे एजीपीचं ऑल-इन-वंडर होतं त्याचा ट्यूनर त्या स्लॉटबरोबर गेला. साधा पीसीआय स्लॉट मात्र पुढं कितीतरी वर्षं टिकला. नंतर विंडोज व्हिस्टा आलं आणि कार्डासोबत मिळणारं एटीआयचं मल्टीमीडिया सेंटर हे जुनं सॉफ्टवेअर मागे राहिलं. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी गॅटोस या प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी या कार्डांचा टीव्हीचा भाग चालवायची धडपड केली, तिचं मोल मोठं आहे. तरी बीटी८७८ च्या सुट्या कार्डांना तिथं जो सहज आधार मिळाला तो यांना कधीच मिळाला नाही.

महाराष्ट्रात या कार्डांचं काय झालं? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास तेव्हा फिरलेल्यांना आठवेल, दुकानांत ढीग असायचा तो पिक्सेलव्ह्यूसारख्या सुट्या पीसीआय कार्डांचा. ऑल-इन-वंडर मागवावं लागायचं आणि त्याची किंमत ऐकून बहुतेक जण परत फिरायचे. ४४९ डॉलर म्हणजे त्या वेळच्या दरानं आयात शुल्काआधीच एकवीस हजारांच्या वर. त्या पैशांत रंगीत टीव्ही, सुटं ट्यूनर कार्ड आणि बरं ग्राफिक्स कार्ड असं तिन्ही घेता यायचं. मागणी नव्हती असं मात्र नाही. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाल्या होत्या. घरात टीव्ही एक आणि पाहणारे अनेक, त्यामुळे अभ्यासाच्या खोलीतल्या संगणकावर दुसरी वाहिनी लावता येणं ही मध्यमवर्गीय घराला हवीच असलेली सोय होती.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून कार्ड मागवणारेही पुष्कळ. इथं एक मोठी अडचण होती. न्यू जर्सीत विकत घेतलेलं कार्ड एनटीएससी ट्यूनरचं असायचं. तिथं वाहिन्यांमधलं अंतर ६ मेगाहर्ट्झ आणि चित्रापासून आवाज ४.५ मेगाहर्ट्झवर, आपल्याकडे व्हीएचएफमध्ये अंतर ७ आणि आवाज ५.५ वर. त्यामुळे चित्र कसंबसं आलं तरी आवाज येत नसे. पण डीकोडर चिपला दोन्ही पद्धती कळायच्या. म्हणून त्याच कार्डाला व्हीसीआरची पिवळी वायर लावली की इथली पाल कॅसेट अनेकदा नीट दिसायची. ट्यूनर निकामी, व्हिडिओ इनपुट कामाचं, असं अर्धं जिवंत कार्ड बऱ्याच घरांत होतं. याशिवाय आपल्या केबलवाल्यांनी नेहमीच्या पट्ट्यांच्या मधल्या ‘एस’ वाहिन्यांवर भरपूर चॅनल बसवलेले असायचे. सॉफ्टवेअरमध्ये देशाच्या यादीत भारत निवडूनही ते सगळे सापडतीलच असं नसे. एकेक फ्रीक्वेन्सी हातानं शोधावी लागायची. आणि अमेरिकेतल्यासारखं कार्यक्रमांचं वेळापत्रक पडद्यावर पाहून एका बटणात मुद्रण लावायची सोय तिथल्याच वाहिन्यांसाठी होती. इथं रात्री साडेआठची मालिका मुद्रित करायची तर वेळ हातानं घालायची, आणि भारनियमनाच्या वर्षांत त्या वेळी वीज असेल अशी आशा करायची.

आपल्याकडे खरी बाजी मारली ती तिसऱ्याच वस्तूनं: मॉनिटरला बाहेरून जोडायच्या टीव्ही ट्यूनर बॉक्सनं. इंटेक्स, फ्रंटेकसारख्या नावांनी तो कुठंही मिळायचा. त्यात मुद्रण नाही, संपादन नाही. पण संगणक बंद ठेवून नुसता मॉनिटर लावला की टीव्ही चालू. वसतिगृहातल्या मुलांना, एका खोलीत संसार असलेल्यांना, बिलाची काळजी असलेल्यांना आणखी काय हवं? विंडोज सुरू व्हायची वाट पाहायला नको, व्हायरसची भीती नको, आणि संगणक बदलला तरी बॉक्स तोच. एकत्रित कार्डाच्या विरोधातलं सर्वांत मजबूत उत्तर या स्वस्त डबीनं दिलं असं मला वाटतं, कारण तिनं दोन यंत्रांची आयुष्यं पूर्णपणे वेगळी ठेवली.

शेवट प्रसारणाच्या बाजूनं आला. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं. त्याच्या आधीच तिथल्या केबल कंपन्यांनी बऱ्याच वाहिन्या डिजिटल करून कुलूपबंद केल्या होत्या आणि सेट-टॉप बॉक्सशिवाय त्या दिसत नव्हत्या. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२, आणि पुणे, नागपूर, नाशिक यांसह दुसऱ्या टप्प्यातल्या शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही डिजिटल केबलची मुदत होती. एकदा वाहिनी निवडायचं काम सेट-टॉप बॉक्सकडे गेलं की कार्डावरचा ट्यूनर बिनकामाचा. बॉक्सची पिवळी वायर कार्डाला लावता येते, पण मग वाहिनी बदलायला बॉक्सचाच रिमोट हवा आणि ठरलेल्या वेळी वेगवेगळ्या वाहिन्या मुद्रित करण्याची सोय संपते. एटीआय तोवर, २००६ मध्ये, एएमडीनं विकत घेतली होती. २००८ च्या जूनमध्ये ऑल-इन-वंडर एचडी आलं, त्यात डिजिटल ट्यूनरही होता आणि थिएटर ६५० ही बरी चिपही. ग्राफिक्सचा भाग मात्र मधल्या फळीतल्या एचडी ३६५० चा. हे या नावाचं शेवटचं कार्ड ठरलं.

इथवर वाचून ही सगळी मालिका वाया गेली असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण टीव्हीशी संबंधित नाही. या कार्डांचं सर्वांत चांगलं काम त्यांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत कधी छापलंच गेलं नाही. ते काम म्हणजे जुन्या कॅसेट डिजिटल करणं.

व्हीएचएस कॅसेटमधून येणारा सिग्नल स्थिर नसतो. फीत ताणलेली असते, व्हीसीआरचं हेड झिजलेलं असतं, प्रत्येक रेषा किंचित पुढं-मागं सुरू होते. टीव्ही हे सहन करतो. आज बाजारात मिळणारी स्वस्त यूएसबी कॅप्चर यंत्रं करत नाहीत. ती चित्रं गाळतात आणि तासाभराच्या कॅसेटच्या शेवटी आवाज आणि चित्र यांचा मेळ सुटतो. रेज थिएटर आणि थिएटर २०० या चिपा अशा डळमळीत सिग्नलला बऱ्याच चांगल्या रीतीनं धरून ठेवतात आणि रंग नैसर्गिक देतात. म्हणूनच कॅसेट जपणारे जाणकार लोक आजही विंडोज एक्सपीचा एखादा जुना संगणक केवळ एजीपीच्या ऑल-इन-वंडरसाठी चालू ठेवतात. मुद्रण कार्डासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट एमपीईजीत न करता व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये हफीयूव्ही पद्धतीनं, म्हणजे गुणवत्ता न घालवता करावं. त्याला तासाला कितीतरी गीगाबाइट जागा लागते, पण आताच्या डिस्कला ती सहज परवडते. व्हीसीआरला एस-व्हिडिओ असेल तर पिवळ्या वायरीऐवजी तीच वापरावी, कारण रंग आणि उजेड मग वेगळेच येतात. एक त्रास मात्र लक्षात ठेवायला हवा: विकत मिळणाऱ्या सिनेमांच्या कॅसेटवर असलेला नक्कलरोधक सिग्नल ही कार्डं ओळखतात आणि मुद्रण नाकारतात. कधीकधी फारच झिजलेल्या घरगुती कॅसेटलाही ती तसंच समजतात. व्हीसीआर आणि कार्डाच्या मध्ये सिग्नल स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर लावला की हा प्रश्न बहुधा सुटतो.

मग अंतिम निवाडा काय? १९९६ ते १९९९ या काळात, ज्याचा संगणक बेताचा होता आणि ज्याला टीव्ही पाहत काम करायचं होतं, त्याच्यासाठी ऑल-इन-वंडर ही उत्तम खरेदी होती. २००२-०३ मध्ये ९७०० प्रो किंवा ९८०० प्रो घेणाऱ्यानंही पैसे वाया घालवले नाहीत. २००४ नंतर सुटं ट्यूनर कार्ड हाच शहाणपणाचा मार्ग होता, आणि एक्स१९०० वरचं ऑल-इन-वंडर घेण्याचा सल्ला मी तेव्हाही दिला नसता, आजही देत नाही. टीव्ही पाहण्यासाठी आज यातलं कोणतंही कार्ड शोधू नये.

पण माळ्यावर जुना संगणक पडला असेल आणि त्यात असं कार्ड असेल, तर तो भंगारात देण्याआधी उघडून पाहा. जांभळी पेटी, वायरींचा गुच्छ आणि ड्रायव्हरची सीडी शोधा. त्यांच्याशिवाय कार्डाचा उपयोग निम्मा होतो. आणि घरात लग्नाच्या, मुंजीच्या, गावातल्या नाटकाच्या, आजी-आजोबांच्या आवाजाच्या कॅसेट असतील तर त्या आधी काढा. कोकणातल्या दमट हवेत फितीवर बुरशी चढते, चालू व्हीसीआर दरवर्षी कमी होत चालले आहेत आणि ते दुरुस्त करणारे कारागीरही. कॅसेटवर बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, आधी माहितगाराकडून साफ करून घ्या. बाकीच्या कॅसेट या उन्हाळ्यातच उतरवून घ्या.